गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचं चाललंय? कुठलं, कशासाठी, हे आधी ताडून बघा

मी ऑर्थोपेडिक ओपीडीत सिस्टर आहे. इंजेक्शनचा ट्रे मी लावते, सुई डॉक्टर घालतात आणि पेशंट पट्टी लावून उठताना प्रश्न मला विचारतो. बहुतेक वेळा एकच: "सिस्टर, यातलं चांगलं कुठलं असतं हो?" आत विचारायचं राहून गेलेलं असतं, किंवा विचारलेलं असतं पण उत्तर घाईघाईत मिळालेलं असतं.

मी उलट विचारते, कशासाठी हवंय? सुजलेला गुडघा उतरवून लवकर चालतं व्हायचंय? गोळ्या कमी करून काही महिने बरे काढायचेत? की ऑपरेशन टाळायचंय? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात, आणि तिसऱ्याचं उत्तर बरेचदा "कुठलंच नाही" असं असतं. झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) पुन्हा भरून आणते असं सिद्ध झालेलं एकही इंजेक्शन आज उपलब्ध नाही. जाहिरात काहीही म्हणो. इंजेक्शनने मिळते ती उसंत. कुठल्या इंजेक्शनने किती उसंत मिळते, ती कधी सुरू होते आणि तिची किंमत काय पडते, एवढीच तुलना करायची आहे.

दुखतंय ते गुडघ्याच्या आतलंच आहे का?

ही पायरी गाळून लोक थेट इंजेक्शनच्या नावावर येतात. एका बोटाने दाखवा, कुठे दुखतं. शिवणकाम करणाऱ्या एक ताई जेलचं इंजेक्शन घ्यायचं घरूनच ठरवून आल्या होत्या. एक्स-रेमध्ये झीज होतीच. पण डॉक्टरांनी बोट ठेवायला सांगितलं तेव्हा त्यांनी ते सांध्यावर ठेवलंच नाही. आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेपासून दोन-तीन बोटं खाली, नडगीच्या हाडावर ठेवलं. तिथे मांडीच्या स्नायूंचे कंडरे हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखाली एक छोटी पिशवी असते, तिला सूज आली होती. सांध्यात कितीही महागडं जेल भरलं असतं तरी ते त्या पिशवीपर्यंत पोचणार नव्हतं.

तसंच खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. कंबरेतली दबलेली नसही गुडघ्याच्या नावाने बोंब मारते. एक्स-रेमध्ये झीज दिसते म्हणून दुखणं तिचंच, असं नसतं. चौथ्या ग्रेडचा, म्हणजे एक्स-रेत सर्वांत जास्त झिजलेला, गुडघा घेऊन लोक आरामात फिरतात आणि दुसऱ्या ग्रेडवाले कण्हत येतात.

म्हणून भेटीच्या आधी आठवडाभर रोज लिहून ठेवा: जिना उतरताना किती दुखतं, खुर्चीतून उठताना किती, रात्री झोप मोडते का. शून्य ते दहा यातला आकडा टाका. गुडघा सुजतो का, सकाळी किती वेळ आखडलेला असतो, तेही लिहा. शेजारी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लिहा. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कसलीही अॅलर्जी आणि अलीकडे झालेला कुठलाही जंतुसंसर्ग (दाताचा, लघवीचा, पायावरच्या जखमेचासुद्धा) हे तर न विचारता सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. सांध्याच्या इंजेक्शनसाठी ती बंद करावी लागतेच असं नाही आणि बंद करण्याचा धोका इंजेक्शनच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकतो.

स्टिरॉइड

सर्वांत जुनं, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त बदनाम. सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन द्यायला 1951च्या सुमारास सुरुवात झाली. आता बहुधा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात, साधारण 40 मिलिग्रॅम. बाटलीत ते तळाशी पांढरं बसलेलं असतं, म्हणून भरण्याआधी हलवावं लागतं आणि सिरिंजमध्ये दुधाळ दिसतं. तेच कण सांध्यात हळूहळू विरघळतात म्हणून परिणाम काही आठवडे राहतो. सोबत थोडं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, बरेच डॉक्टर मिसळतात.

या लिग्नोकेनमुळे एक गंमत होते, ती आधी माहीत असलेली बरी. इंजेक्शननंतर काही मिनिटांत दुखणं गायब होतं, पेशंट खुशीत घरी जातो आणि रात्री पुन्हा दुखायला लागलं की "वाया गेलं" म्हणून फोन करतो. वाया गेलेलं नसतं. बधिरपणा उतरलेला असतो आणि स्टिरॉइड अजून कामाला लागलेलं नसतं. त्याला दोन दिवस ते आठवडा लागतो. उलट ती पहिल्या तासांतली मोकळीक डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण त्यावरून दुखणं सांध्याच्या आतलं आहे याला पुष्टी मिळते.

आराम किती दिवस? ब्रिटनच्या नाइस या संस्थेची 2022ची मार्गदर्शिका 2 ते 10 आठवडे असं स्पष्ट सांगते. काहींना तीन महिने पुरतो, काहींना पंधरा दिवसही नाही. सुजलेल्या, गरम लागणाऱ्या गुडघ्यात हे जास्त उपयोगी पडतं असं आमच्याकडे दिसतं, पण कुणाला लागू पडेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही.

आता बदनामीचं. "स्टिरॉइडने हाडं जातात" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुठून सुरुवात करावी कळत नाही. एका इंजेक्शनने गुडघा जातो असा पुरावा नाही. पण वारंवार घेण्याबद्दलची भीती निराधारही नाही. 2017 साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत 140 जणांपैकी एका गटाला दोन वर्षं दर 12 आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन दिलं आणि दुसऱ्याला नुसतं सलाइन. शेवटी स्टिरॉइडच्या गटात कूर्चेची जाडी सरासरी 0.21 मिलिमीटरने घटली होती, सलाइनच्या गटात 0.10ने. दुखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. इथे एक मेख आहे: दुखणं मोजलं होतं दर तीन महिन्यांनी, म्हणजे औषधाचा जोर ओसरल्यावर. त्यामुळे मधल्या आठवड्यांचा आराम त्या आकड्यांत दिसणारच नव्हता. माझ्या लेखी अर्थ असा की भडका उडाला तर एखादं घ्यावं, दर तिमाहीचा रतीब लावू नये. दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिने हवेत, हा नियम बहुतेक डॉक्टर पाळतात. तुमचे पाळत नसतील तर विचारा.

मधुमेह असेल तर साखर वर जाते, आणि चांगली जाते. पहिल्या दिवसापासून साधारण आठवडाभर घरच्या मशीनवर रोज तपासा आणि किती झाली तर कुणाला फोन करायचा, गोळी किंवा इन्सुलिन बदलायचं का, हे इंजेक्शनच्या आधी ठरवून घ्या. दोन्ही गुडघ्यांत एकाच दिवशी घेतलं तर डोस दुप्पट होतो, साखरही त्या मानाने वागते. याशिवाय एक-दोन दिवस चेहरा लाल आणि गरम होणं, झोप न लागणं, बायकांना पाळी मागेपुढे होणं असले प्रकार होतात, आपोआप निवळतात. औषध त्वचेखाली सांडलं तर तिथे फिकट चट्टा किंवा खळगा पडू शकतो.

जेल, म्हणजे हायलुरॉनिक आम्ल

सांध्यातल्या पाण्याला चिकटपणा देणारा पदार्थ हायलुरॉनिक आम्ल. 1934 साली तो बैलाच्या डोळ्यातून पहिल्यांदा वेगळा काढला गेला. झिजलेल्या गुडघ्यात तो पातळ पडतो, म्हणून बाहेरून भरायचा, अशी कल्पना. काही जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात, काही जिवाणूंपासून आंबवून. अंडं, पिसं किंवा पक्ष्यांची अॅलर्जी असणाऱ्यांनी आणि शाकाहाराबद्दल काटेकोर असणाऱ्यांनी हे आधीच विचारावं. खोक्यावर लिहिलेलं असतं, पण खोकं तुमच्या हातात येतं कुठे?

जेल भरलेल्या सिरिंजमध्येच येतं आणि पातळ मधासारखं दाट असतं. डॉक्टरांच्या अंगठ्यावर जोर दिसतो, ढकलायला वेळ लागतो. एक डोसवालं असेल तर बहुधा 6 मिलिलिटर एकदाच, नाहीतर 2 मिलिलिटर दर आठवड्याला, तीन ते पाच वेळा. परिणाम असलाच तर तीन-चार आठवड्यांनी जाणवायला लागतो, दोन महिन्यांच्या आसपास सर्वाधिक असतो आणि पुढे काही महिने राहून ओसरतो. पुढच्या आठवड्यात प्रवासाला जायचंय म्हणून जेल घेणाऱ्याने चुकीची गाडी पकडलेली असते.

तर मग गुण येतो का? 2022च्या 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात 169 चाचण्या आणि 21 हजारांहून जास्त लोक होते. सलाइनशी तुलना केलेल्या मोठ्या चाचण्या एकत्र केल्यावर फरक निघाला दुखणं मोजायच्या 100 मिलिमीटरच्या पट्टीवर सुमारे 2 मिलिमीटर. एवढा फरक पेशंटला जाणवतसुद्धा नाही. गंभीर त्रासाचं प्रमाण मात्र जेलच्या गटात थोडं जास्त होतं. नाइस संस्था हे देऊच नका म्हणते. अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञांची संघटना 2021मध्ये सरसकट वापरू नका म्हणाली. संधिवातावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था ओएआरएसआय (OARSI) हिने 2019मध्ये काही पेशंटसाठी दार उघडं ठेवलं. तुमचे डॉक्टर "गुण येतो" म्हणाले तर ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर बरे झालेले पेशंट असतात. पण सलाइन टोचलेल्यांतही पुष्कळ जणांना बरं वाटतं, ही गोष्ट ओपीडीत बसून दिसत नाही.

मला विचाराल तर, स्टिरॉइड चालत नाही (साखर बेताल आहे, किंवा आधी घेऊन उपयोग झाला नाही), झीज मध्यम आहे आणि खर्च झेपतोय, एवढ्यांनी जेलचा विचार करावा. हाडाला हाड लागलेल्या गुडघ्यात पैसे घालू नयेत.

पीआरपी

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि प्लेटलेट्सचा (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींचा) थर वेगळा करून गुडघ्यात सोडायचा. नळी यंत्रातून बाहेर आली की खाली लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे पांढरट पातळ पापुद्रा दिसतो. पीआरपीत काय जाणार हे त्या पापुद्र्यातलं किती घेतलं यावर ठरतं. आणि घोळ नेमका तिथेच आहे. एका ठिकाणी 15 मिलिलिटर रक्त काढतात, दुसरीकडे 60. कुणी एकदा फिरवतं, कुणी दोनदा. कुणी पांढऱ्या पेशी ठेवतं, कुणी गाळतं. दोन दवाखान्यांतलं पीआरपी हे एकच औषध समजू नका. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019मध्ये याच्या विरोधात स्पष्ट शिफारस केली, त्यामागे हेच कारण होतं.

पुरावा उलटसुलट आहे. बऱ्याच लहान चाचण्यांत पीआरपी जेलपेक्षा सरस ठरलं. पण 2021मध्ये 'जामा'त आलेल्या 288 जणांच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली आणि वर्षाने बघितलं, तेव्हा दुखणं पीआरपीच्या गटात 2.1 गुणांनी आणि सलाइनच्या गटात 1.8 गुणांनी उतरलं होतं. फरक नगण्य. कूर्चेतही फरक नाही. पीआरपीवाले म्हणतात, त्या चाचणीत प्लेटलेट्स कमी पडल्या. असेलही. मग तुमच्या दवाखान्यात किती पडतात हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

घ्यायचंच ठरलं तर हे लक्षात ठेवा: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात आणि नंतरही काही दिवस देत नाहीत, कारण त्या प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतात. पॅरासिटामॉल चालते. हृदयासाठी चालू असलेली अॅस्पिरिन मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस गुडघा सपाटून दुखू शकतो, पहिल्या दिवशी सोबत कुणीतरी हवं. आराम पडलाच तर महिना-दीड महिन्याने पडायला लागतो.

मूळ पेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, इंजेक्शनबद्दल मी लांबण लावत नाही. 2023मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये 475 जणांची चाचणी आली. तीन प्रकारच्या पेशींची उपचारपद्धती साध्या स्टिरॉइडशी ताडून बघितली, वर्षाअखेर एकही सरस ठरली नाही. खर्चातली तफावत तुम्हीच विचारून बघा. गुडघ्याच्या नसा रेडिओफ्रीक्वेन्सीने जाळण्याचा प्रकार वेगळा, तो सांध्याच्या आतला उपचार नाही. ऑपरेशन झेपणार नाही अशा पेशंटसाठी त्याचा विचार करतात आणि आधी नस बधिर करून आराम पडतो का ते तपासतात.

डॉक्टरांसमोर बसल्यावर

औषधाचं नाव आणि डोस लिहून मागा. "गुडघ्याचं इंजेक्शन" हे नाव नव्हे. गुण आला तर कधीपासून आणि कधीपर्यंत, आणि नाही आला तर पुढे काय, हे विचारा. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "अजून एक घेऊ" असं आलं तर मी सावध होईन. सुई अंदाजाने घालणार की सोनोग्राफीत बघून, हेही विचारा. पातळ गुडघ्यात अनुभवी हाताला अंदाज पुरतो, पण गुडघा जाड असेल किंवा औषध महागडं असेल तर बघून घातलेलं बरं. जेल सांध्याबाहेर पडलं तर पैसेही गेले आणि वर दुखणं. आणि पॅकेजची घाई कुणी करत असेल तर घरी जाऊन सांगतो म्हणा. झीज वर्षानुवर्षांची आहे, चार दिवसांत काही बिघडत नाही.

सुईचा दिवस आणि नंतर

सैल कपडे घाला, गुडघ्यावर तेल-मलम लावून येऊ नका. त्या जागी पुरळ, फोड किंवा जखम असेल तर इंजेक्शन पुढे जाईल, लपवू नका. पाय सरळ ठेवून झोपवतात, जंतुनाशकाने भाग पुसतात आणि सुई बहुधा वाटीच्या बाहेरच्या वरच्या कडेखालून जाते. मांडी आवळली की वाटी घट्ट बसते आणि सुईला जागा मिळत नाही. म्हणून मी त्या वेळी पेशंटला पायाची बोटं हलवायला लावते, लक्ष तिकडे जातं आणि मांडी सैल पडते. गुडघ्यात पाणी असेल तर आधी ते काढतात. ते पिवळसर आणि पारदर्शक असेल तर ठीक. गढूळ निघालं तर चांगले डॉक्टर स्टिरॉइड न घालता ते पाणी तपासायला पाठवतात. त्या दिवशी इंजेक्शन न मिळाल्याबद्दल चिडू नका.

पहिले एक-दोन दिवस घरातल्या घरात चालणं ठीक, जड उचलणं आणि जिन्याच्या फेऱ्या नकोत. दुखलं तर कपड्यात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं. पीआरपीनंतर मात्र बर्फ लावायचा की नाही ते त्यांनाच विचारा, काही जण नको म्हणतात. स्टिरॉइड किंवा जेलनंतर गुडघा थोडा भडकला तर तो दोन-तीन दिवसांत उतरायला हवा. उतरण्याऐवजी वाढत चालला, गुडघा लाल-गरम झाला, ताप आला किंवा पाय टेकवेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. आणि मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी गुडघ्यातलं पाणी तपासायला घ्यावं लागतं, गोळी पोटात गेली की जंतू सापडेनासा होतो. असा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तास मोजावे लागतात.

दुखणं उतरलं की लोक व्यायाम सोडतात, याचा मला खरा राग येतो. तेच तर आठवडे कामाचे असतात. मांडीचा स्नायू बळकट करायला जे आधी दुखण्यामुळे जमत नव्हतं ते आता जमतं, फिजिओथेरपिस्टची वेळ इंजेक्शनच्याच दिवशी घेऊन ठेवा. 2020मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये 156 जणांची तुलना आली: एका गटाला स्टिरॉइड, दुसऱ्याला फिजिओथेरपी. वर्षाने त्रासाचा गुणांक (0 ते 240, कमी तेवढा बरा) इंजेक्शनच्या गटात 55.8 होता, फिजिओच्या गटात 37.0. वजनाचंही तसंच, एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

रोजचे आकडे इंजेक्शननंतरही लिहीत राहा, नाहीतर दोन महिन्यांनी "बरं वाटलं होतं बहुतेक" एवढंच आठवतं आणि त्या "बहुतेक"वर दुसरं इंजेक्शन ठरतं. औषधाचं नाव, डोस, तारीख आणि डावा की उजवा, हे फाइलीत स्वतःच्या अक्षरात लिहा. जेलच्या खोक्यावरचं स्टिकर मागून घ्या, आम्ही देतो. गुडघाबदलाचं ऑपरेशन पुढे ठरलं तर ही तारीख लागते, कारण इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत ते केल्यास संसर्गाचा धोका वाढलेला दिसला आहे आणि बहुतेक सर्जन तेवढं अंतर ठेवतात. गुडघा एकदा बदलला की त्या गुडघ्यात यातलं कुठलंही इंजेक्शन घ्यायचं नसतं. तिथे पुन्हा दुखायला लागलं तर ज्यांनी बदलला त्यांनाच आधी दाखवा.